फुफ्फुस धुवायला सांगितलंय: पीएपीच्या रुग्णाच्या घरच्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा: धाकटा भाऊ, वय ३६, ग्रॅनाइट कापायच्या-पॉलिश करायच्या कारखान्यात बरीच वर्षं कामाला, सिगरेट ओढतो. वर्षभर धाप आणि खोकला. थुंकीत टीबीचे जंतू एकदाही सापडले नाहीत, तरी एक्स-रे पाहून सहा महिने टीबीच्या गोळ्या दिल्या. फरक पडला नाही. आता सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये 'क्रेझी पेव्हिंग' लिहून आलंय, श्वासनलिकेत दुर्बीण घालून फुफ्फुसातून काढलेलं पाणी दुधाळ निघालंय, आणि छातीच्या डॉक्टरांनी पल्मनरी अल्व्हिओलर प्रोटिनोसिस, म्हणजे पीएपी, असं निदान करून पूर्ण भूल देऊन फुफ्फुसं धुवायला सांगितलंय. घरचे हादरले आहेत. फुफ्फुसात पाणी भरलं तर माणूस गुदमरणार नाही का? ओळखीतले एक जण स्टेरॉइडने बरं होईल म्हणतात, ते खरं का? धुतल्यावर हे पुन्हा होतं का? आणि मुलांना होईल का?

आधी सरळ उत्तर देते. फुफ्फुस धुणं हाच या आजाराचा मुख्य उपचार आहे. साठ वर्षांपासून तो केला जातो आणि सराव असलेल्या टीमच्या हाती बऱ्यापैकी सुरक्षित आहे. स्टेरॉइड सुरू करू देऊ नका. मात्र धुण्याच्या गडबडीत एक गोष्ट राहून जाऊ नये, ती म्हणजे हा आजार नेमका कशामुळे झाला ते ठरवणं. तुमच्या भावाच्या कामाचं स्वरूप बघता ती गोष्ट नेहमीपेक्षा जास्त महत्त्वाची आहे.

पीएपीमध्ये बिघडतं काय, ते समजलं की धुण्याची भीती निम्मी कमी होते. आपल्या फुफ्फुसांत ३० कोटींहून अधिक वायुकोश असतात. प्रत्येकाच्या आतल्या बाजूला सर्फॅक्टंट नावाचा एक अतिशय पातळ स्निग्ध थर असतो, सुमारे ९० टक्के चरबी आणि बाकी प्रथिनं. हा थर नसेल तर श्वास सोडताना वायुकोश मिटून चिकटतील. तो रोज नवा तयार होतो आणि जुना झालेला रोज काढला जातो. काढण्याच्या या कामाचा मोठा वाटा मॅक्रोफेज नावाच्या सफाई पेशींचा. पीएपीमध्ये तयार होणं चालू राहतं आणि सफाई थांबते. मग महिनोन् महिने सर्फॅक्टंट साचत जातं, वायुकोश त्याने भरतात आणि हवा रक्तापर्यंत पोचत नाही. पण वायुकोशांच्या भिंती बहुतेक वेळा शाबूत असतात. फायब्रोसिसमध्ये भिंतीच जाड आणि कडक होतात, तिथे धुऊन काही उपयोग नाही. इथे आतली साठवण काढली की खालचं फुफ्फुस पुन्हा काम करू लागतं.

सफाई का थांबते हे कळायला वैद्यकशास्त्राला चार दशकं लागली. १९५८ साली रोझेन, कॅसलमन आणि लीबो या अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांनी २७ रुग्णांचं वर्णन करून या आजाराला नाव दिलं. कारण त्यांना माहीत नव्हतं. १९९४ साली अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात दोन वेगवेगळ्या गटांनी जीएम-सीएसएफ हे प्रथिन अजिबात नसलेले उंदीर तयार केले. रक्तपेशी वाढवणारं प्रथिन म्हणून ते ओळखलं जात होतं, त्यामुळे या उंदरांचं रक्त बिघडेल अशी अपेक्षा होती. रक्त जवळजवळ ठीक राहिलं आणि फुफ्फुसं मात्र सर्फॅक्टंटने भरली. म्हणजे मॅक्रोफेजना सफाई करायला जीएम-सीएसएफ लागतं. मग १९९९ मध्ये जपानमधल्या डॉ. नकाता यांच्या गटाने दाखवलं की पीएपीच्या रुग्णांच्या शरीरात याच प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी असतात. प्रथिन तयार होतं, पण अँटिबॉडी ते निकामी करतात. प्रौढांमधल्या पीएपीपैकी सुमारे ९० टक्के या ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या, प्रकारातले. मला हा इतिहास फार आवडतो, आणि तो इथे सांगायचं कारणही आहे: तुमच्या भावाच्या पुढच्या उपचाराची दिशा याच अँटिबॉडीच्या तपासणीवर ठरणार आहे.

आता टीबीबद्दल. दर दहा लाख लोकांमागे पीएपीचे रुग्ण साधारण ६ ते ७ असतात. ज्या देशात टीबी दारोदार आहे तिथे एक्स-रेवर दोन्ही बाजूंना पांढरे डाग दिसले की आधी टीबीच आठवतो, आणि त्याबद्दल मी पहिल्या डॉक्टरांना दोष देणार नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. थुंकी पुन्हा पुन्हा कोरी येते, ताप नाही, दोन महिन्यांच्या गोळ्यांनी एक्स-रे तसूभर बदलत नाही, तरी कोर्स पुढे रेटायचा, हे चूक आहे. दोन महिन्यांनी थांबून सीटी करायला हवा होता. पीएपीची एक खूण अशी की एक्स-रे भयंकर दिसतो आणि रुग्ण मात्र खुर्चीत बसून नीट बोलत असतो. चालायला लावलं की बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा ९४ वरून ८६ वर घसरतो. बसलेल्या माणसाचं सॅच्युरेशन बघून समाधान मानू नये. त्याला बाहेरच्या पॅसेजमध्ये चालवावं, हे मी शिकाऊ डॉक्टरांना नेहमी सांगते.

'क्रेझी पेव्हिंग' म्हणजे सीटीमध्ये धुरकट पांढरे भाग आणि त्यांवर जाळीसारख्या रेषा. तो एकटा पीएपीचा पुरावा नाही. कोविडमध्ये, हृदय कमकुवत होऊन फुफ्फुसात पाणी साठतं तेव्हा, काही बुरशीजन्य संसर्गांत, वायुकोशांत रक्तस्राव होतो तेव्हा आणि फुफ्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्येही तसं दिसतं. तुमच्या भावाच्या बाबतीत दुर्बिणीतून आलेलं दुधाळ पाणी हा त्याहून भक्कम पुरावा आहे. ते पाणी पॅथॉलॉजीत पीएएस या रंगाने तपासलंय का ते विचारा. तसं असेल आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर बायोप्सीची गरज बहुधा पडत नाही. त्याच पाण्याची टीबीसाठी सीबीनॅट (जंतूंची जनुकं शोधणारी चाचणी) आणि कल्चर (जंतू वाढवून बघणं), शिवाय नोकार्डिया नावाच्या जीवाणूची आणि बुरशीची तपासणी झालीच पाहिजे. मॅक्रोफेज अधू असले की जंतूंशी लढणंही अधू होतं, त्यामुळे पीएपी आणि टीबी एकत्र असू शकतात. दगडाच्या धुळीत काम करणाऱ्याला टीबीचा धोका मुळातच जास्त असतो. म्हणून 'आता पीएपी निघाला, टीबीचा विषय संपला' असंही करू नका. कल्चरचा रिपोर्ट यायला सहा-आठ आठवडे लागतात, तो आठवणीने मागून घ्या.

यापुढचा भाग तुमच्या भावासाठी सगळ्यात महत्त्वाचा. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ भरपूर असतो, आणि तो कापताना, घासताना उडणारी बारीक धूळ म्हणजे सिलिका. अशी धूळ खूप मोठ्या प्रमाणात, थोड्या काळात छातीत गेली तर वायुकोश सर्फॅक्टंटसारख्याच पदार्थाने भरतात. त्याला सिलिकोप्रोटिनोसिस म्हणतात. हा तीव्र सिलिकोसिसचा प्रकार आहे, काही आठवड्यांत ते काही वर्षांत होऊ शकतो, आणि त्यात धुण्याचा फायदा मर्यादित आणि अनेकदा तात्पुरता असतो. दुसरीकडे, ज्यांना अँटिबॉडीमुळे पीएपी होतो अशांपैकीही बऱ्याच जणांच्या कामाच्या इतिहासात धूळ सापडते. म्हणजे 'धुळीत काम करतो' एवढ्यावरून काहीच ठरत नाही. ठरतं ते रक्तातल्या जीएम-सीएसएफ अँटिबॉडीच्या तपासणीवरून. ही तपासणी प्रत्येक लॅबमध्ये होत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागतो, पैसे जातात आणि वाट पाहावी लागते. तरी करा. पॉझिटिव्ह आली तर चित्र पुष्कळ आशादायक आहे आणि पुढच्या औषधांचे दरवाजे उघडतात. निगेटिव्ह आली तर सिलिकाकडे बोट जातं, आणि तेव्हा रक्ताचा एखादा आजार तर नाही ना, हेही बघावं लागतं, कारण मायलोडिस्प्लेसियासारख्या, म्हणजे हाडांच्या मगजात रक्तपेशी नीट तयार न होण्याच्या, आजारांतही पीएपी होतो. त्यासाठी साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि काचेवर रक्त पसरून केलेली तपासणी (स्मिअर) ही पहिली पायरी.

रिपोर्ट येईपर्यंत कारखाना बंद. मास्क लावून जातो, पॉलिशिंगऐवजी पॅकिंगला बसतो, असं काही नको. सिगरेटही आजपासून बंद. पीएपीच्या नोंदलेल्या रुग्णांत सिगरेट ओढणाऱ्यांचं प्रमाण मोठं आहे, आणि आधीच दमलेल्या सफाई पेशींवर धुराचा बोजा टाकण्यात काहीच अर्थ नाही.

आता धुण्याकडे येऊ. गुदमरणार नाही का, हा प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असं की दोन्ही फुफ्फुसं एकदम धुवत नाहीत. भूल दिल्यावर भूलतज्ज्ञ घशातून एक दुपदरी नळी घालतात. तिचा एक मार्ग उजव्या फुफ्फुसाला, दुसरा डाव्याला. मध्ये फुगा फुगवून दोन्ही बाजू एकमेकींपासून पूर्ण बंद करतात आणि नळी नेमकी बसलीय का हे बारीक दुर्बीण घालून बघतात. या पायरीला मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. मग एक फुफ्फुस व्हेंटिलेटरवर श्वास घेत राहतं आणि दुसऱ्यात, सहसा जास्त खराब असलेल्यात, शरीराच्या तापमानाइतकं कोमट केलेलं सलाइन सोडतात. एका वेळी अर्धा ते एक लिटर. छातीवर हाताने किंवा यंत्राने थापटतात, म्हणजे आतला गाळ सुटतो, आणि मग नळी खाली करून ते पाणी बाहेर काढतात. पुन्हा भरायचं, थापटायचं, काढायचं. असे फेरे चालू राहतात, एकूण १० ते २० लिटर, कधी त्याहून जास्त. तीन ते पाच तास लागतात.

पहिल्या बाटल्या दाट ताकासारख्या येतात. त्या ओळीने मांडून ठेवल्या की थोड्या वेळात तळाशी पांढरा गाळ बसलेला दिसतो. बाटली दर बाटली रंग उतरत जातो, आणि शेवटच्या बाटलीतून पलीकडची भिंत दिसायला लागली की आम्ही थांबतो. काही ठिकाणी या बाटल्यांचा फोटो नातेवाइकांना दाखवतात. तुम्हीही मागा. महिनोन् महिने माणूस का धापत होता, ते तो फोटो बघून जेवढं समजतं तेवढं आमच्या बोलण्याने समजत नाही.

एक गोष्ट पहिल्यांदा बघणाऱ्याला उलटी वाटते. फुफ्फुसात पाणी भरलेलं असताना ऑक्सिजन सहसा सुधारतो, आणि पाणी काढताना घसरतो. पाण्याच्या दाबामुळे त्या बाजूचा रक्तप्रवाह कमी होऊन रक्त श्वास घेणाऱ्या फुफ्फुसाकडे वळतं. पाणी काढलं की रक्त परत हवा नसलेल्या बाजूला येतं. भूलतज्ज्ञाला हे ठाऊक असेल तर तो त्या मिनिटाची तयारी ठेवतो. आत किती सोडलं आणि बाहेर किती आलं याचा प्रत्येक फेऱ्याचा हिशेब एक जण लिहीत असतो. फरक वाढायला लागला तर पाणी दुसऱ्या फुफ्फुसात किंवा छातीच्या पोकळीत गळतंय, असं समजून लगेच थांबतात. धोके हेच आहेत: ऑक्सिजन घसरणं, गळती, नंतर ताप किंवा संसर्ग, क्वचित फुफ्फुसाबाहेर हवा साठणं. धुतल्यावर काही तास व्हेंटिलेटर लागू शकतो. दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेत धुतलेली बाजू आधीपेक्षा पांढरी दिसली तर घाबरू नका, उरलेलं पाणी एक-दोन दिवसांत शोषलं जातं. दुसरं फुफ्फुस साधारण एक-दोन आठवड्यांनी, माणूस सावरला की धुतात.

या उपचाराची सुरुवात १९६० च्या दशकात डॉ. होजे रामिरेझ यांनी अमेरिकेत केली. सुरुवातीला ते मानेतून श्वासनलिकेत बारीक नळी घालून, जाग्या रुग्णाला थेंब थेंब सलाइन देत आणि रुग्ण ते खोकून बाहेर टाकत असे. आज आपण झोपेत असतो, एवढ्याबद्दलही त्या पहिल्या रुग्णांचे आभार मानावेत.

कुठे करायचं? ज्या केंद्रात हे दर वर्षी होतं तिथे. जवळच्या रुग्णालयात मशीन सगळी आहेत, डॉक्टर हुशार आहेत, पण टीमने एकदाही पूर्ण फुफ्फुस धुतलेलं नाही, अशी स्थिती असेल तर दुसरीकडे जा आणि त्यात संकोच करू नका. वेल्लोरचं सीएमसी, चंडीगडचं पीजीआय यांसारख्या संस्थांना याचा अनुभव आहे, आणि आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही अशा टीम आहेत. विचारायचे प्रश्न साधे आहेत: गेल्या वर्षात किती वेळा केलंत, भूल कोण देणार, आणि गरज पडली तर इक्मोची, म्हणजे शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्राची, सोय आहे का. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

प्रत्येकाला धुवावंच लागतं असंही नाही. जपानमधल्या एका मोठ्या नोंदीत जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांना काही त्रासच नव्हता, तपासणीत योगायोगाने सापडले. अशांवर फक्त लक्ष ठेवतात. बसल्या जागी रक्तातला ऑक्सिजन ६५ च्या खाली असेल, किंवा रोजची कामं करताना धाप अडवत असेल, तर धुवायचं. हा ६५ म्हणजे धमनीतून रक्त काढून केलेल्या तपासणीतला आकडा आहे, ऑक्सिमीटरवरचा नव्हे. दोन्हींत गल्लत करून घरी घबराट झालेली मी पाहिलेली आहे.

पुन्हा होतं का? होऊ शकतं. अँटिबॉडी तशाच राहतात, त्यामुळे सर्फॅक्टंट पुन्हा साचू शकतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ४१० रुग्णांच्या माहितीवर आधारलेल्या आढाव्यात एका धुण्याचा फायदा साधारण १५ महिने टिकल्याचं दिसलं होतं. हा मधला आकडा आहे. काही जणांना एकदाच पुरतं, काही जणांना दर वर्षी यावं लागतं. धुतलेल्या रुग्णांपैकी सुमारे ९४ टक्के पाच वर्षांनी जिवंत होते, न धुतलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के. आणि काही थोड्या रुग्णांत, त्याच आढाव्यानुसार ८ टक्क्यांच्या आसपास, आजार आपोआप ओसरला. पण हे आकडे बहुतेक ऑटोइम्यून रुग्णांचे आहेत. सिलिका निघाली तर ते तुमच्या भावाला जसेच्या तसे लावू नका.

स्टेरॉइडबद्दल मला आवाज चढवून सांगावंसं वाटतं. फुफ्फुसाच्या इतर बऱ्याच आजारांत स्टेरॉइड उपयोगी पडतात, म्हणून ओळखीचे लोक प्रेमाने सुचवतात. पीएपीमध्ये त्यांचा फायदा दिसलेला नाही. उलट जपानमधल्या रुग्णांच्या अभ्यासात स्टेरॉइड घेतलेल्यांचा आजार बळावल्याचं आणि संसर्ग वाढल्याचं आढळलं. आधीच दुबळी प्रतिकारशक्ती, त्यात टीबीचा देश, त्यात दगडाची धूळ. कुणी प्रिस्क्रिप्शन लिहून दिलं तर कशासाठी, ते विचारा, आणि तुमच्या छातीच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय गोळी सुरू करू नका.

अँटिबॉडी पॉझिटिव्ह आल्या तर धुण्याच्या जोडीला आता औषधही आहे. कमी पडलेलं जीएम-सीएसएफ वाफेच्या यंत्रातून थेट फुफ्फुसात द्यायचं. सारग्रामोस्टिम आणि मोलग्रामोस्टिम ही प्रयोगशाळेत बनवलेल्या जीएम-सीएसएफची दोन रूपं. सारग्रामोस्टिमवरचा जपानचा अभ्यास २०१९ मध्ये आणि मोलग्रामोस्टिमवरचे आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२० आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ऑक्सिजनची देवाणघेवाण सुधारते, पण अचंबित करणारी नव्हे, हळूहळू. जपानने २०२४ मध्ये सारग्रामोस्टिमच्या वाफेला मान्यता दिली. आपल्याकडे हे औषध महाग पडतं आणि मिळवायला खटपट करावी लागते. त्यामुळे सध्या तरी मी धुण्यालाच पहिला हात घालते आणि वारंवार धुवावं लागणाऱ्यासाठी औषधाचा विचार करते. युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीच्या २०२४ च्या मार्गदर्शनात या दोन्हींखेरीज रिटुक्सिमॅब (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी कमी करणारं औषध) आणि रक्तातला प्लाझ्मा बदलून अँटिबॉडी काढून टाकणं हेही पर्याय दिले आहेत, पण ते इतर उपायांनी भागलं नाही तरच.

मुलांची काळजी करू नका. अँटिबॉडीमुळे होणारा पीएपी आनुवंशिक नाही आणि संसर्गजन्यही नाही. एका ताटात जेवा, एका खोलीत झोपा. जनुकीय दोषाने होणारा प्रकार असतो, पण तो सहसा बाळपणी किंवा लहान वयात दिसतो. घरात कुणा लहानग्याला अशी धाप नसेल तर तपासण्यांवर खर्च करू नका. भावाला मात्र फ्लू आणि न्यूमोकोकसची लस द्या. धुतल्यानंतर ताप आला किंवा कफाचा रंग बदलला तर 'पुन्हा पीएपी असेल' म्हणून घरी बसू नका, आधी संसर्ग शोधायला लावा. दर तीन-चार महिन्यांनी सहा मिनिटं चालण्याची चाचणी आणि डीएलसीओ ही श्वासाची तपासणी करत राहा. सीटी उठसूट नको.

आणि तपासात सिलिकाच निघाली, तर डॉक्टरांकडून कामाच्या इतिहासासह लेखी निदान घ्या. सिलिकोसिस हा सरकारला कळवावा लागणारा, कामामुळे होणारा आजार आहे, आणि भावाचा ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी योजनेचा, विमा असेल तर व्यवसायजन्य आजाराचे लाभ मागता येतात. त्याच शेडमध्ये काम करणाऱ्या इतरांपैकी कुणाला जिना चढताना धाप लागत असेल, तर त्यांनाही छातीचा एक्स-रे काढून घ्यायला सांगा.